जिलेबी मूळची कुठली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरणपोळी कुठून आली असं कुणी विचारत नाही; ती आपलीच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. जिलेबीबद्दल मात्र विचारणा थांबत नाही, आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला की ती वाढते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, तिढ्याचे नंतर. ‘जिलेबी’ की ‘जिलबी’ यावर वाद नको, दोन्ही चालतात.

१. जिलेबी भारतीय की परदेशी? एका वाक्यात सांगा.

नाव आणि मूळ कल्पना पश्चिम आशियातून आली, पण ती इथे येऊन निदान पावणेसहाशे वर्षं झाली आणि आज हलवाई करतो तशा जिलेबीची बारीकसारीक तपशिलांसह कृती आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथात सापडते. ज्यांना ‘आपली’ किंवा ‘त्यांची’ एवढंच उत्तर हवं असतं ते यावर नाराज होतात. पण पदार्थाचा जन्मदाखला नसतो. नावाचा प्रवास वेगळा, कृतीचा वेगळा, जिनसांचा आणखी वेगळा. या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद सुरू होतात.

२. नेमकं कशाला जिलेबी म्हणायचं? गोल तळलेलं सगळं गोडधोड जिलेबीच का?

मी चार गोष्टी बघतो. पीठ सैलसर आणि आंबवलेलं हवं. ते भोकातून धार धरून सोडलेलं हवं. तुपात किंवा तेलात तळण हवं. आणि तळून निघताक्षणी पाकात बुडवणं हवं.

हलवायाच्या तईपाशी जरा वेळ उभं राहिलं की या चारही गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या आहेत ते दिसतं. तई म्हणजे सपाट बुडाची, उथळ, पसरट कढई. खोल कढईत धार सोडली तर वेढे एकमेकांत गुंततात. कारागिराच्या मुठीत भोक पाडलेलं फडकं किंवा तांब्या असतो, आणि हात फिरतो तो मनगटातून. धार तुपात पडली की तिचा बाहेरचा पापुद्रा आधी कडक होतो. आतल्या पाण्याची वाफ आणि आंबल्यामुळे पिठात धरलेले वायूचे बुडबुडे मिळून आतून तो फुगवतात, आणि धारेची पोकळ नळी होते. एकतारी कोमट पाकात टाकल्यावर पाक या नळीत शिरतो. जिलेबी चावताना जो रस फुटतो तो इथला. पीठ आंबलेलं नसेल तर नळी नीट धरत नाही, आणि मग पाक नुसता वरून माखतो.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच कसोटी लावली आहे.

३. ‘जिलेबी’ हा शब्द कुठला?

अरबीत जलाबिया किंवा झुलाबिया, फारसीत झुल्बिया. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशातही हीच व्युत्पत्ती दिली आहे. मात्र नावावर फार विसंबू नये. अरबस्तानात आज याच नावाने कुठे पिठाचे तळलेले गोळे मिळतात, कुठे चपटे वडे, तर कुठे जाळीदार चकत्या. म्हणजे नाव एक असलं तरी वस्तू एकच असेल असं नाही.

४. अरबी पुरावा किती जुना आहे?

बगदादचा कवी इब्न अल-रूमी (मृत्यू ८९६) याने पहाटे झुलाबिया तळणाऱ्या एका माणसावर ओळी लिहिल्या आहेत. त्यांचा आशय असा: तेल म्हणजे साक्षात किमया, कढईत पीठ टाकताना चांदीसारखं दिसतं आणि बघता बघता त्याची सोन्याची जाळी होते. नवव्या शतकातल्या माणसाने लिहिलेलं हे वर्णन आजच्या कुठल्याही मिठाईच्या दुकानासमोर खरं ठरतं. पुढे दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादमध्ये पाककृतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही झुलाबिया आहे. त्या काळी तिथे ती बहुधा मधात बुडवत. हा मधाचा मुद्दा लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये लागेल.

५. मुघलांनी जिलेबी भारतात आणली ना?

नाही. सगळ्यांत जास्त पसरलेली चूक हीच, आणि ती खोडायला सगळ्यांत सोपी. पानिपतची पहिली लढाई झाली १५२६ साली. जिलेबीचा भारतातला लिखित उल्लेख त्याच्या सुमारे पाऊणशे वर्षं आधीचा आहे (प्रश्न ६). बाबर येण्याआधीच इथल्या पानात जिलेबी वाढली जात होती.

बाहेरचा खमंगपणा दिसला की तो मुघलांच्या नावावर टाकायची आपल्याला सवय लागली आहे. पश्चिम आशियाशी आपली देवाणघेवाण त्याहून कितीतरी जुनी. आपल्या अलिबागजवळचं चौल घ्या. अरब त्याला सैमूर म्हणत. अल-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे येऊन गेला, आणि तेव्हा त्याला तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची भरभक्कम वस्ती दिसली. उत्तरेत दिल्लीची सल्तनत १२०६ पासून. खलाशी, व्यापारी, सरदार, त्यांचे आचारी असे येण्याचे रस्ते अनेक होते. एखाद्या लेखात जिलेबी ‘आणणाऱ्या’ बादशहाचं नाव छातीठोकपणे दिलेलं दिसलं, की तो लेख तिथेच मिटावा.

६. भारतातला जुना उल्लेख म्हणजे नेमका कोणता?

जिनसूर या जैन ग्रंथकाराची ‘प्रियंकरनृपकथा’, काळ साधारण १४५०. त्यात एका धनवान व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणाचं वर्णन आहे आणि त्या पदार्थांमध्ये जिलेबी आहे. कथेत ती काही अद्भुत वस्तू म्हणून येत नाही, श्रीमंताघरच्या पानात असायचीच म्हणून येते. म्हणजे तोवर ती चांगली रुळली होती. त्यानंतर १६०० पूर्वीचा ‘गुण्यगुणबोधिनी’ हा संस्कृत ग्रंथ येतो. त्यात दिलेलं साहित्य आणि कृती आजच्याशी जुळते.

हे सगळं शोधून मांडण्याचं श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांना जातं. संस्थेच्या हस्तलिखितांची जबाबदारी सांभाळता सांभाळता त्यांनी पदार्थ, वस्त्रं, अत्तरं, फटाके अशा रोजच्या गोष्टींचा इतिहास पोथ्यांतून उपसून काढला. १९४० च्या दशकात त्यांनी जिलेबीवर लिहिलं. आज इंग्रजी-मराठीत जिलेबीच्या इतिहासावर जे काही फिरतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या मेहनतीवर उभं आहे, नाव क्वचितच घेतलं जातं.

७. आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘कुंडलिनी’ नावाने जिलेबीची कृती आहे. मग ती प्राचीन भारतीयच नाही का?

कृती आहे, आणि फार सुंदर आहे. ग्रंथ म्हणजे भावमिश्राचा ‘भावप्रकाश’. तो सांगतो: नवा घडा घ्यावा, त्याला आतून आंबट दह्याचा लेप द्यावा. दोन भाग मैदा, एक भाग आंबट दही आणि थोडं तूप घोळवून त्या घड्यात भरावं. आंबट होईपर्यंत घडा उन्हात ठेवावा. मग ते पीठ भोकाच्या भांड्यात घेऊन, गोल गोल फिरवत तापलेल्या तुपात सोडावं, पुन्हा पुन्हा वेढे देऊन मंडल करावं. नीट तळलं की काढून कापूर वगैरेंनी सुवासिक केलेल्या पातळ साखरेच्या पाकात न्हाऊ घालावं. ही कुंडलिनी पुष्टी, कांती, बळ देणारी.

प्रश्न २ मधल्या चारही अटी यात पुऱ्या होतात. घड्याला आतून दही फासायची युक्ती तर दाद द्यावी अशी. कोरं मातीचं भांडं ओलावा शोषतं. दह्याच्या लेपाने ती कोरड भरून निघते आणि पिठाला सगळीकडून विरजण लागतं.

आता ‘प्राचीन’ या शब्दाकडे येऊ. भावप्रकाश सोळाव्या शतकातला आहे. त्याच ग्रंथात ‘फिरंग रोग’ वर्णिला आहे, म्हणजे फिरंग्यांच्या संसर्गाने आलेला उपदंश. पोर्तुगीज कालिकतला पोचले १४९८ साली. त्याआधी हा शब्द लिहिला जाणं शक्य नव्हतं. तेव्हा भावप्रकाशातली जिलेबी जिनसूराच्या कथेनंतरची ठरते.

आणि संस्कृत नाव मिळालं म्हणून पदार्थ प्राचीन ठरत नाही. कुंडलिनी, कुंडलिका, जलवल्लिका ही नावं पंडितांनी तिच्या आकारावरून, रसावरून दिली. नव्या वस्तूला संस्कृतात बसवणं हे त्यांचं कामच होतं. रोगालासुद्धा त्यांनी सोडलं नाही!

८. ऋग्वेदातला ‘अपूप’ म्हणजे जिलेबीचा पूर्वज, असं वाचलं. खरं का?

अपूप हा पिठाचा, तूप-मध घातलेला गोड पदार्थ. त्याचा वारसा सांगायचा तर तो मालपुव्याने सांगावा. भोकातून धार नाही, पोकळ नळी नाही, पाकात मुरवणं नाही. पीठ, स्निग्ध आणि गोड एकत्र आलं की जिलेबी होत असेल तर शिराही जिलेबीच.

९. पण साखर तर भारताचीच ना? मग जिलेबीवर आपला हक्क जास्त नाही का?

हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. उसाच्या रसापासून गोडाचे खडे करायची विद्या जगाला इथून गेली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अलेक्झांडरचा दर्यासारंग निआर्कस याने मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या इथल्या बोरूंबद्दल लिहून ठेवलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा असे उसाच्या गोडाचे पाच प्रकार येतात. शर्करेची फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’. खंडाचा झाला ‘कंद’. बगदादची झुलाबिया मधात पोहत होती तेव्हा साखर तिथे पोचली होती ती इथूनच इराणमार्गे.

त्यामुळे हिशेब असा लागतो: साखर इकडून तिकडे गेली, काही शतकांनी जाळीदार तळण तिकडून इकडे आलं, आणि दोघांची गाठ इथल्या कढईत पुन्हा पडली. हक्काची भाषा वापरायचीच असेल तर पाकावर आपला हक्क सांगावा. वेढ्यांवर सांगताना जरा जपून.

१०. महाराष्ट्राचा जिलेबीशी जुना संबंध काय?

लिखित पुराव्यातच एक मराठी धागा आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. अन्नपदार्थ, त्यांचे गुणदोष, जेवणाचे नियम असा त्याचा पसारा. नवहस्त समर्थ रामदासांच्या परिचयातले. पुढे ते तंजावरला गेले आणि व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा आश्रय त्यांना लाभला. या ग्रंथातही जिलेबीची कृती आहे. शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या दरबाराशी जोडलेल्या पंडिताने जिलेबी लिहून ठेवावी, याहून वेगळा मराठी दाखला कशाला हवा?

बाकी आपला खास ठसा म्हणजे जिलेबी-मठ्ठा. गुजरातेत दसऱ्याला जिलेबीबरोबर फाफडा असतो, इंदुरात पोहे, उत्तरेत दही किंवा दूध किंवा रबडी. लग्नाच्या पंगतीत आलं, कोथिंबीर, हिंग लावलेला मठ्ठा आपला. गोडाने जीभ मिटली की मठ्ठ्याचा घोट, आणि आग्रह करणारा पुन्हा ताट घेऊन उभा. पैजा लावून जिलेब्या खाण्याचे किस्से प्रत्येक गावात आहेत, त्यांतले आकडे ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर मान्य करावेत.

सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला चौकाचौकात मांडव घालून जिलेबी विकतात, तो रिवाज उघडच स्वातंत्र्यानंतरचा. आणि एकामागून एक सुमार कविता टाकणाऱ्याला मराठी आंतरजालावर ‘जिलब्या पाडतो’ म्हणतात, तो तर कालपरवाचा. जिलेबीवर अन्यायच आहे तो. चांगली जिलेबी पाडणं सुमार कवितेपेक्षा पुष्कळ अवघड.

११. इमरती, जांगिरी आणि जिलेबी एकच ना? जहांगीर बादशहाची गोष्ट खरी का?

एक नव्हेत. इमरती उडदाच्या वाटलेल्या डाळीची. दक्षिणेत तिलाच जांगिरी म्हणतात. तिचं पीठ जिलेबीसारखं वाहतं नसतं, फेटून हलकं केलेलं असतं. फुलासारख्या पाकळ्या काढाव्या लागतात, आणि चावताना ती मऊ, भरीव लागते. प्रश्न २ च्या कसोटीत ती पहिल्याच अटीला अडते, म्हणून बहीण म्हणू, जुळी नाही.

जहांगीरला (राज्यकाळ १६०५ ते १६२७) ती आवडली म्हणून जांगिरी, ही गोष्ट नावाच्या सारखेपणावरून रचलेली आख्यायिका म्हणून ऐकावी. ऐकायला गोड आहे.

१२. इराणची झुल्बिया आणि आपली जिलेबी शेजारी ठेवल्या तर काय फरक दिसेल?

झुल्बियाच्या पिठात दह्याबरोबर स्टार्च असतो. तिची वीण जाळीसारखी पसरते, वेढे एकावर एक बसत नाहीत. पाकात केशर आणि गुलाबपाणी. रमजानात इफ्तारला ती ‘बामिया’ नावाच्या बोटाएवढ्या तळलेल्या गोडाबरोबर मांडतात. अल्जीरिया-ट्युनिशियात हीच मंडळी ‘झलाबिया’ होऊन भेटतात, नेपाळात ‘जेरी’, बांगलादेशात ‘जिलापी’. भूगोलावर एवढी पसरलेली मिठाई दुसरी दाखवणं कठीण.

१३. खव्याची, छेन्याची, उपवासाची जिलेबी… या खऱ्या जिलेब्या का?

बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी काळपट तपकिरी, जाड वेढ्यांची आणि पोटभरीची. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरही तिच्या कढया लागतात. बंगालची छानार जिलिपी छेन्याची. उपवासासाठी कुणी खवा आणि आरारूट घेतं, कुणी रताळं. आकार आणि पाक जिलेबीचा, पण आंबवण नाही, पोकळ नळी नाही. कुळाने त्या गुलाबजामच्या जवळच्या. खायला माझी काही हरकत नाही, इतिहास सांगताना मात्र त्यांना एका रांगेत बसवू नये. आणि मैद्याची नेहमीची जिलेबी उपवासाला चालत नाही, हेही दरवर्षी विचारलं जातं म्हणून लिहून ठेवतो.

१४. बाहेरून आलेली आहे, मग नैवेद्याला चालते का?

उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते ना? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची आणि वरचा बटाटा, चारही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात आलेले. जिलेबी त्यांच्याही आधीची. घरचा कुळाचार काय सांगतो ते बघा. ‘बाहेरची’ हे कारण मात्र टिकत नाही.

१५. सोडा किंवा इनो घालून केलेली झटपट जिलेबी चालेल का?

फुगेल, कुरकुरीतही होईल. आंबटपणा मात्र येणार नाही, आणि जुन्या ग्रंथांनी ज्यावर एवढा भर दिला तो आंबटपणाच आहे. पाकाची मिठी मारणारी गोडी तोडायला तो लागतो. काही जण लिंबू किंवा दही घालून वेळ मारून नेतात. पाहुणे दारात असतील तर करा. रात्रभर वेळ असेल तर पीठ भिजवून ठेवा.

१६. तिचा केशरी-पिवळा रंग मूळचा आहे का?

प्रश्न ७ मधल्या कृतीत पाकाला कापूर वगैरेंचा वास आहे, रंगाचं नाव नाही. तुपात तळलेल्या मैद्याचा स्वतःचा रंग सोनेरी. गडद केशरी छटा येते ती केशराने किंवा, दुकानात बहुतेक वेळा, खाद्यरंगाने. टार्ट्राझिन, सनसेट यलो असे ठरावीक रंग भारतात मिठाईत चालतात, तेही किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. मेटॅनिल यलोला मुळीच परवानगी नाही. हाताला पिवळा डाग राहून धुतल्यावरही जाईना, तर दुकान बदला.

१७. रसगुल्ल्यासाठी बंगाल आणि ओडिशा भांडले. जिलेबीला भौगोलिक मानांकन मिळून ‘ही भारताची’ असा निकाल लागू शकतो का?

मानांकनाने असा निकाल लागतच नाही. ‘बांगलार रसगुल्ला’ला २०१७ मध्ये मानांकन मिळालं आणि ‘ओडिशा रसगोला’ला २०१९ मध्ये, दोघांनाही, वेगवेगळं. कारण मानांकन तपासतं ते एखाद्या ठिकाणच्या मालाचे गुण त्या ठिकाणाशी बांधलेले आहेत का, एवढंच. पदार्थ पहिल्यांदा कुणी केला हा त्यातला मुद्दाच नाही. जिलेबीच्या बाबतीत एखाद्या गावाला आपल्या ठरावीक पद्धतीच्या जिलेबीसाठी अर्ज करता येईल. ‘जिलेबी’ या अख्ख्या पदार्थावर कुणालाच मालकी सांगता येणार नाही, इराणलाही नाही.